चिनी मातीचीं जुनीं भांडीं : पारख आणि संग्रह



“चिनी” हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, तो एका देशाचें नांव सांगतो याची आठवणहि आपणांस राहिलेली नाहीं. लोणच्याची बरणी चिनी, चहाची बशी चिनी, मुलांच्या खेळांतली भातुकलीहि चिनी. चीन देशाहून येणाऱ्या पांढऱ्या, कठीण व चकचकीत भांड्यांना फार्सी बोलणारे व्यापारी “चिनी” म्हणत. त्यांच्याकडून हा शब्द आपण घेतला, आणि पुढें तशी चकाकी जिच्यावर दिसेल ती प्रत्येक वस्तु चिनी ठरूं लागली. आपल्या मराठवाड्यांतच याचें ठळक उदाहरण आहे. दौलताबादच्या किल्ल्यांत जो “चिनी महाल” आहे, त्यांत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानें १६८७ नंतर कैदेंत ठेविलें होतें. या महालाला तें नांव पडलें तें भिंतींवरील निळ्या झिलईच्या फरशांवरून. त्या फरशा चीनच्या नव्हेत; ती कारागिरी इराणी वळणाची आहे. उलट विजापुरासहि एक चिनी महाल आहे; त्याच्या आवारांत चिनी भांड्यांच्या खापऱ्या विपुल सांपडल्या म्हणून त्याला तें नांव मिळालें असें सांगतात. नांव एकच, पण एका ठिकाणीं चीनचें केवळ स्मरण आहे, तर दुसऱ्या ठिकाणीं चीनची वस्तु आहे. हा भेद ओळखावा कसा, हाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम वस्तु समजून घेऊं. आपला कुंभार मडकें भाजतो तें साधारण हजार अंशांच्या आंतील उष्णतेवर. तें भांडें सच्छिद्र राहतें; म्हणूनच माठांतलें पाणी गार होतें. याहून अधिक उष्णतेवर, सुमारें बाराशें अंशांवर, विशिष्ट माती भाजली म्हणजे ती दगडासारखी घट्ट होते व पाणी शोषीत नाहीं. खरें चिनी भांडें याच्याहि पुढची पायरी होय. त्यास दोन द्रव्यें लागतात : एक पांढरी शुभ्र माती, आणि दुसरें एका जातीच्या दगडाचें पीठ. तेराशें अंशांच्या आसपास हीं दोन्ही एकजीव होतात, आणि जें भांडें निघतें तें पातळ असलें तर प्रकाशासमोर धरतांच त्यांतून उजेड झिरपतो. चीनमधील चिंगदचन हें गांव या धंद्याचें मुख्य पीठ. तेथील जवळच्या काओलिंग नांवाच्या टेकडीवरूनच या मातीस जगभर “केओलिन” हें नांव पडलें. युरोपला हें रहस्य अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत उलगडलें नव्हतें. १७०८ च्या सुमारास जर्मनीतील सॅक्सनी प्रांतांत बॉटगर यानें तें साधलें, आणि १७१० सालीं माइसेन येथें कारखाना निघाला. म्हणजे चिनी कारागीर या विद्येंत युरोपच्या कित्येक शतकें पुढें होते.

आतां ही वस्तु आपल्याकडे कधीं व कशी आली तें पाहूं. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांशीं चीनचा व्यापार फार जुना. संजाण येथें २००२ ते २००४ या काळांत उत्खनन झालें; त्यांत निघालेल्या खापऱ्यांत चिनी भांड्यांचेहि तुकडे आहेत. कोंकणांतील चौल बंदराच्या परिसरांतहि असे तुकडे मिळाले आहेत. हा व्यापार घाटावर कसा चढला हें जाणण्यास एक फार चांगला साक्षीदार आहे, आणि तो आपल्या बीड जिल्ह्याच्या इतिहासाशीं दुरून कां होईना जोडलेला आहे.

बीडच्या दक्षिणेस कर्जनी गांवाजवळ टेकडीवर एक लहानशी घुमटी आहे. महंमद तुघलक या भागांतून जात असतां त्याचा एक दांत पडला, आणि तो त्यानें समारंभानें पुरून त्यावर कबर बांधविली, अशी हकीगत इतिहासकार देतात. मुलांना इतिहास शिकवितांना ही गोष्ट सांगितली कीं वर्ग हंसत असे, आणि एकदां हंसला म्हणजे तुघलक त्याच्या कायमचा लक्षांत राही. याच तुघलकाच्या पदरीं मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता होता. १३४२ सालीं सुलतानानें त्याला आपला वकील नेमून नजराण्यासह चीनच्या बादशहाकडे धाडिलें. तो दौलताबादेवरून किनाऱ्याकडे गेला. कालिकतजवळ वादळानें जहाजें फुटलीं व नजराणा बुडाला. तरी पुढें स्वतंत्रपणें आपण चीनला पोहोंचलों असें तो सांगतो. चिनी भांड्यांविषयीं त्यानें लिहिलें आहे कीं, हीं भांडीं त्या देशांत आपल्याकडील मातीच्या भांड्यांइतकीं किंवा त्याहूनहि स्वस्त मिळतात, आणि तेथून हिंदुस्थानांत व पार मोरोक्कोपर्यंत जातात. दुसऱ्या एका ठिकाणीं समुद्रप्रवासासाठीं मिठांत मुरविलेलें आलें, मिरीं, लिंबें व आंबे भरलेल्या “मर्तबानां”चा तो उल्लेख करितो. मर्तबान हें ब्रह्मदेशांतील एक बंदर. तेथून येणाऱ्या मोठ्या झिलईदार रांजणांना त्या बंदराचेंच नांव पडलें. लोणचें आणि मर्तबान यांची जोडी अशी निदान पावणेसातशें वर्षांची आहे!

महंमद तुघलक मार्च १३५१ मध्यें सिंधमध्यें ठठ्ठ्याजवळ वारला. योगायोग असा कीं, चिनी भांड्यांच्या इतिहासांत १३५१ हेंच वर्ष सर्वांत महत्त्वाचें ठरलें आहे. त्या वर्षाच्या चौथ्या चिनी महिन्यांत चांग वन-चिन नांवाच्या एका भाविकानें चीनमधील एका देवालयाला एक धूपपात्र व दोन मोठ्या फुलदाण्या अर्पण केल्या, आणि आपल्या कुटुंबाला सुख व रक्षण लाभावें अशी प्रार्थना तिथीसह फुलदाण्यांच्या गळ्यावर लिहविली. आपल्याकडे देवळाच्या समईवर किंवा घंटेवर दात्याचें नांव व शक कोरलेला असतो, तसाच हा प्रकार. धूपपात्र पुढें नाहींसें झालें. फुलदाण्या मात्र राहिल्या. उंचीनें सुमारें दोन फूट, पांढऱ्या अंगावर निळे नाग-सर्पासारखे ड्रॅगन, आणि बाजूंस हत्तीच्या मस्तकाच्या मुठी. ब्रिटिश म्यूझियममधील हॉब्सन या पंडितानें १९२९ सालीं हा लेख प्रसिद्ध केला, तोंवर पांढऱ्यावर निळें असें उत्तम काम पंधराव्या शतकाच्या मागें जात नाहीं असा बहुतेकांचा समज होता. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकन पंडित पोप यानें या फुलदाण्यांचें माप लावून इस्तंबूलच्या राजवाड्यांतील व इराणांतील अर्दबील येथील संग्रह तपासले, आणि चौदाव्या शतकाचीं भांडीं एकामागून एक ओळखूं येऊं लागलीं. दिल्लींत फिरोजशहा कोटला येथें अशा सत्तरीच्या आसपास भांड्यांचे तुकडे एकत्र मिळाले. फिरोजशहा तुघलक हा महंमदाचा चुलत भाऊ, आणि तो गादीवर आला तेंहि १३५१ सालींच! एका लेखी तिथीनें कित्येक देशांतील मुक्या वस्तु बोलूं लागल्या. इतिहासाच्या अभ्यासांत तिथीला आपण इतकें महत्त्व कां देतों, याचें याहून चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं.

या फुलदाण्या एका ठिकाणीं आणणारा गृहस्थ मुंबईचा होता, हें मराठी घरांत फारसें कोणास माहीत नाहीं. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ सालीं मुंबईस झाला. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बगदादी यहुदी समाजांतील गिरणीमालक. १९०६ सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष. मुलाच्या मनानें मात्र चिनी भांड्यांचा ध्यास घेतला. त्यांनीं चीनला जाऊन पेकिंगच्या राजवाड्यांतील संग्रह डोळ्यांखालून घातला, चिनी भाषा शिकून घेतली, आणि राजघराण्यानें एका पेढीकडे गहाण टाकलेल्या वस्तूंपैकीं चाळीस-एक वस्तु १९२७ च्या सुमारास विकत मिळविल्या. त्या दोन फुलदाण्या दोन निरनिराळ्या मालकांकडे गेल्या होत्या; त्या त्यांनीं वेगवेगळ्या मिळवून पुन्हां एकत्र आणल्या. लंडनमधील १९३५-३६ च्या विख्यात चिनी कला-प्रदर्शनाचे ते प्रमुख प्रवर्तक होते. १३८८ सालच्या एका चिनी ग्रंथाचें त्यांनीं इंग्रजींत भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ सालीं प्रसिद्ध झालें. जुनी वस्तु खरी कोणती व खोटी कोणती हें ओळखावें कसें, हाच त्या ग्रंथाचा विषय. सहा शतकांपूर्वीं सुद्धां बनावट मालाचा उपद्रव होता, हें यावरून ध्यानांत यावें.

डेव्हिड यांनीं आपला संग्रह १९५० सालीं लंडन विद्यापीठास अभ्यासासाठीं दिला. ते १९६४ सालीं वारले. २००९ पासून हा संग्रह ब्रिटिश म्यूझियममध्यें मांडलेला आहे, आणि त्यांतील सुमारें १७०० वस्तु २०२४ सालीं त्या संस्थेस कायमच्या देण्याचें जाहीर झालें. या संग्रहाचें मोल केवळ त्याच्या किंमतींत नाहीं. डेव्हिड यांनीं सुंदर वस्तूंबरोबरच लेख असलेल्या, तिथी असलेल्या, मालकीची खूण असलेल्या वस्तु कटाक्षानें निवडल्या. शोभेसाठीं गोळा करणारा आणि ज्ञानासाठीं गोळा करणारा यांत हें अंतर असतें.

मालकीच्या खुणेचा उल्लेख आला म्हणून आपल्याकडील चाल सांगतों. मोगल बादशहांच्या कोठींतील कित्येक चिनी भांड्यांवर जहांगीर, शहाजहान, औरंगजेब यांचीं नांवें कोरलेलीं आढळतात. तिकडे चीनचा चिएनलुंग बादशहाहि आपल्या आवडत्या भांड्यांच्या बुडावर स्वतःच्या कविता कोरवून घेई. जहांगिराच्या दरबारांतील एक हकीगत हॉकिन्स या इंग्रजानें लिहून ठेविली आहे. बादशहाची एक आवडती चिनी थाळी उंटावरून पडून फुटली. ती ज्याच्या जिम्मेंत होती त्या सरदारास फटके व कैद भोगावी लागली, आणि शेवटीं तशीच थाळी आणण्यासाठीं त्याला चीनच्या वाटेला लावण्यांत आलें! हिरवट झिलईच्या जाड थाळ्यांना मोगल काळांत “घोरी” म्हणत. विषारी अन्न वाढलें तर अशी थाळी तडकते किंवा रंग बदलते, असा समज होता. शास्त्राच्या दृष्टीनें त्यांत तथ्य नाहीं; परंतु या समजुतीमुळेंच राजवाड्यांतून हीं भांडीं जपून ठेवलीं गेलीं, हा तिचा उपकार मानला पाहिजे.

गोव्यास पोर्तुगीज अंमल १५१० मध्यें सुरू झाला, आणि १५५७ च्या सुमारास मकाव येथें त्यांचा जम बसल्यावर चिनी मालाची ने-आण गोव्यावरून होऊं लागली. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा यांच्या जुन्या वाड्यांत अशीं भांडीं आजहि पाहावयास मिळतात. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनीं अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत चीनशीं मोठा व्यापार केला. सर जमशेटजी जीजीभाई हे तरुणपणीं अनेकदां चीनला जाऊन आले. त्या व्यापारांत कापसाबरोबर अफूहि होती, हें सांगितल्यावांचून ही हकीगत पुरी होत नाहीं. ज्या गलबतांतून सुंदर भांडीं आलीं त्यांच्याच जाण्याच्या खेपेनें चीनचीं घरें उद्ध्वस्त केलीं. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मुंबईच्या म्यूझियमला मिळाले. तें आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखलें जातें, आणि तेथील चिनी व जपानी वस्तूंचें दालन बहुतांशीं त्यांच्याच औदार्याचें फळ आहे. बीडकरांना दुसरें जवळचें ठिकाण म्हणजे हैदराबाद. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. तिसरे सालारजंग यांनीं जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय तेथें १९५१ सालीं उघडलें, आणि त्यांत चिनी भांड्यांचा भाग मोठा आहे.

आतां घरच्या वस्तूंकडे वळूं. आपल्या जिल्ह्यांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, कोठीच्या खोलींत किंवा देवघराच्या कोनाड्यांत अशी एखादी वस्तु असते. ती पाहावी कशी?

आपल्याकडे “पालथ्या घड्यावर पाणी” ही म्हण निष्फळ उपदेशासाठीं आहे. येथें मात्र भांडें पालथें केल्यावांचून ज्ञानास आरंभच होत नाहीं. खाली गादी किंवा घडी घातलेलें कापड ठेवून, दोन्ही हातांनीं भांडें उलटें धरावें व बुडाची कड पाहावी. तेथें झिलई नसते, म्हणून माती स्वतःच्या रंगांत दिसते. ती पांढरी व बारीक आहे कीं करडी व रवाळ, कडेला भट्टींतील वाळू चिकटली आहे काय, शतकांच्या वापरानें कड गुळगुळीत झाली आहे काय, हें पाहावें. वरची चित्रें नक्कल करणारा सहज उतरवितो. बुडाची नक्कल त्याला अवघड जाते.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. बुडावर चिनी अक्षरें दिसलीं कीं मालक हर्षभरित होतो. हीं अक्षरें बहुधा एखाद्या बादशहाच्या कारकीर्दीचें नांव सांगतात. पण पूर्वजांच्या काळाचें नांव आदरानें घालण्याची चाल चीनमध्येंच होती. १६७७ मध्यें तर चिंगदचनच्या अधिकाऱ्यानें चालू बादशहाचें नांव भांड्यांवर घालण्यास बंदी केली. मग कारागीर जुन्या मिंग बादशहांचीं नांवें घालूं लागले. त्यामुळें शिक्का हा पुरावा नव्हे, केवळ एक दावा आहे. साक्ष इतर अंगांनीं जुळली तरच तो मानावा. उलट इंग्रजी अक्षरांत देशाचें नांव छापलेलें असेल, तर ती वस्तु बहुधा १८९१ नंतरची समजावी. कारण त्या वर्षापासून अमेरिकेनें आयात मालावर देशाचें नांव असावें असा कायदा लागू केला.

तिसरी गोष्ट चित्राची. हातानें काढलेल्या निळ्या रेषेंत कुंचल्याचा दाब कमी-अधिक दिसतो. छापील चित्रांत सारख्या टिंबांची किंवा बारीक रेघांची जाळी दिसते, आणि कडेला कागदाचा सांधा चुकलेला आढळतो. झुकलेलें झाड, पूल, त्यावर तीन माणसें व वर दोन पांखरें असें चित्र पुष्कळ घरांतील ताटल्यांवर आहे. तें चिनी वाटतें, पण त्याची कल्पना अठराव्या शतकाच्या शेवटीं इंग्लंडमध्यें निघाली. तसेंच वर तपकिरी व खालीं पांढरी अशी जी लोणच्याची बरणी घरोघर आहे, ती बहुधा देशी कारखान्यांतील असते. काठेवाडांत थानगढकडे परशुराम गणपुले या मराठी उद्योजकानें या धंद्याचा पाया घातला. खुर्जा, ग्वाल्हेर येथेंहि असे कारखाने होते. म्हणजे आपल्या घरची “चिनी” वस्तु तपासतां तपासतां ती इंग्रज, जपानी किंवा काठेवाडी निघण्याचा संभव अधिक. त्यांत खिन्न होण्याचें कारण नाहीं. आजोबांनीं ती कोणत्या बाजारांतून आणली, रेल्वे येण्यापूर्वीं कीं नंतर, हाहि इतिहासच आहे, आणि तो लिहून ठेवणारा घरांतील माणसांखेरीज दुसरा कोणी नाहीं.

परंतु क्वचित् एखादी वस्तु खरी निघते, आणि तेथेंच धोका असतो. वाडा मोडतांना भांडींकुंडीं भंगारवाल्याच्या तराजूंत जातात. कांचेच्या व लोखंडाच्या भावानें गेलेल्या वस्तूची किंमत तर बुडतेच. पण ती कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, कशासाठीं होती ही माहितीहि तिच्याबरोबर नाहींशी होते, आणि ती पुढें कोणत्याहि पैशानें परत मिळत नाहीं. म्हणून विकण्यापूर्वीं वस्तूचीं वरून, बाजूनें व बुडाचीं छायाचित्रें घ्यावींत. माप, घरांतील वडीलधाऱ्यांनीं सांगितलेली हकीगत व वर्ष एका वहींत लिहावें. आणि एखाद्या सरकारी संग्रहालयांतील जाणकारास दाखवावें. राख, चिंच किंवा तारेचा चोथा लावून घासूं नये; सोनेरी काम त्यानें निघून जातें. तुटलेला तुकडा फेकूं नये. घरच्या घरीं डिंकानें चिकटवूंहि नये. तुकडे कापसांत गुंडाळून ठेवावेत.

कायद्याचीहि माहिती असावी. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तु खाजगी इसमास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करितां येत नाहीं. नांगरतांना किंवा पाया खणतांना जमिनींत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडली, तर १८७८ च्या कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. हें बंधन जाचक वाटेल. पण याच्या अभावीं एकेकाळीं किती वस्तु किनारा सोडून गेल्या हें आपण जाणतों.

ज्यांना नवीन संग्रह करावयाचा असेल त्यांना एकच सूचना. आधीं पाहावें, मग वाचावें, आणि पैसे सर्वांत शेवटीं काढावेत. मुंबई किंवा हैदराबादच्या संग्रहालयांत एका कपाटासमोर अर्धा तास उभें राहावें. शंभर कपाटांसमोरून धांवूं नये. खरी वस्तु पुन्हां पुन्हां पाहिल्यानें डोळ्यास जें वळण लागतें, तें विक्रेत्याच्या कोणत्याहि गोड शब्दानें बिघडत नाहीं. फुटक्या खऱ्या थाळीपासून विद्यार्थ्याला जें शिकतां येतें, तें अखंड खोट्या थाळीपासून कधींच येत नाहीं. आणि फुटकी थाळी शाळामास्तरासहि परवडते.

आपल्या घरांत अशी एखादी वस्तु असेल, तर येत्या सुटींत ती खालीं काढा, मुलांना जवळ बसवा आणि तिची वही सुरू करा. वयोवृद्ध माणसें घरांत आहेत तोंवरच तिचें पहिलें पान लिहितां येईल.